चार खिडक्यांची एक कॅश

घरी पाहुणे आले की बाबा प्लांटचे किस्से सांगायचे. रोलिंग मिल, तापलेली लाल पट्टी, फोरमनच्या शिव्या! मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुह्या कामात काय किस्सा असन, मित्रा? दिवसभर काचेसमोर बसून राह्यते."

मलाही तसंच वाटायचं. मग आम्ही एका हॉस्पिटलचं काम घेतलं. आता इतके किस्से साठलेत की पाहुणे आले की बाबाच माझे किस्से सांगतात. चुकीचे सांगतात, पण रंगवून!

तर आधी आमची ओळख. भिलाईत, सिविक सेंटरला, चाटच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. माणसं तीन. मेश्राम सर, म्हणजे आमचे मालक, गुरू आणि चहा करणारेही तेच. दुसरी दिनेश्वरी, कुम्हारीहून रोज बसनं येणारी. ती सॉफ्टवेअर तपासते. आणि तिसरी मी, संघमित्रा; घरच्यांची मित्रा. कोड लिहिते, आणि दिनेश्वरीनं चुका काढल्या की रुसून बसते.

हॉस्पिटलमध्ये चार खिडक्या: नोंदणी, लॅब, औषधं आणि कँटीन. प्रत्येकीचं आपलं वेगळं छोटं सॉफ्टवेअर, त्याला आम्ही सर्व्हिस म्हणतो. चारही सर्व्हिसेस दर वेळी मोठ्या डेटाबेसला विचारत बसल्या तर रांग गेटच्या बाहेर जाते. म्हणून जी माहिती सारखी लागते ती जवळ काढून ठेवायची. तिला म्हणतात कॅश.

आमचे सगळे किस्से इथूनच सुरू होतात.

*

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर मटका काढला.

"हे पाहा. घरी तहान लागली का कोणी दर वेळी शिवनाथ नदीवर जाते का? नाही. सकाळी एकदा पाणी आणते, मटक्यात भरून ठेवते. नदी म्हणजे डेटाबेस, मटका म्हणजे कॅश. झालं! एवढंच हाय हे सारं."

मी वहीत मटका काढला. दिनेश्वरीनं काढला नाही. तिनं हात वर केला.

"सर, उधर नदी का पानी बदल गया, और इधर मटके में पुराना ही पड़ा है, तो?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं, मटक्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"बस! याच कामासाठी तुमाले घेतलं!"

त्या एका प्रश्नाचं उत्तर आम्ही अजून शोधून राहिलो.

*

सुरुवातीला चारही खिडक्यांचे आणि कोणत्या पेशंटनं कुठं जायचं ते दाखवणाऱ्या टोकनच्या बोर्डाचे मटके वेगवेगळे होते.

कुरुदचे एक आजोबा यायचे, बुधराम नावाचे. गुडघे दुखायचे. वय सत्तर, पण नोंदणीवाल्याच्या बोटातून शून्य निसटलं आणि वय लागलं सात! दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली, नोंदणीत सत्तर झालं. टोकनच्या बोर्डानं मात्र आपल्या मटक्यातलं सातच धरून ठेवलं. बोर्ड त्यांना थेट बालरोग विभागात पाठवायचा.

पहिल्या वेळी आजोबा मुकाट्यानं गेले. डॉक्टरीणबाई हसल्या आणि चिठ्ठी देऊन त्यांना हाडांच्या विभागात पाठवलं. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी तक्रार आमच्यापर्यंत आली आणि सरांनी मला माफी मागायला पाठवलं.

मी गेले तर आजोबा भिंतीवरच्या हत्ती-जिराफाखाली आरामात बसलेले. शेजारी एक रडकं बाळ, त्याला ते जिभेनं टकटक आवाज काढून हसवत होते. मी हात जोडले. "बाबा, हमारी गलती से आपको बच्चों में बिठा दिया."

आजोबांच्या आधी त्यांची बायको छत्तीसगढीत बोलली.

"काबर माफी मांगत हस, नोनी? मैं तो पचास बछर ले कहत हंव, ए ह लइकाच हे!" म्हणजे, माफी कशाला, पन्नास वर्षांपासून हे लेकरूच आहे!

दुरुस्ती झाली. पुढच्या वेळी बोर्डानं आजोबांना बरोबर हाडांच्या विभागात पाठवलं. तर ते आधी बालरोग विभागात गेले. तिथं तपासून झाल्यावर टॉफी मिळते!

*

आजोबांच्या त्या किस्स्यानंतर सरांनी ठरवलं की वेगवेगळे मटके बंद. सगळ्यांत मिळून एकच मोठी कॅश. कुणीही काही बदललं की सगळ्यांना तेच दिसणार. काम मी केलं. महिनाभर राबले, आणि ज्या सोमवारी ते सुरू झालं त्या दिवशी नवा ड्रेस घालून हॉस्पिटलला गेले.

कँटीन चालवायच्या अम्मा. केरळहून लग्न होऊन भिलाईला आलेल्या, आवाज असा की चहाची ऑर्डर दुसऱ्या मजल्यावरून ऐकू जावी. साडेदहाला तोच आवाज आला.

"ये नया आइटम किसने डाला? थायरॉइड प्रोफाइल, खाली पेट! खाली पेट आएगा तो मेरे यहाँ क्या खाएगा?"

मी धावत गेले. अम्मांच्या स्क्रीनवर खरंच थायरॉइड. तेवढ्यात लॅबमधून बोलावणं. तिथं एक रिटायर्ड हेडमास्तर रक्त द्यायला बाही वर करून बसलेले, हातात आमच्याच मशिनीतून निघालेली चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं: उपमा, चटनी के साथ.

हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेटी, कल रात से भूखा हूँ. ये जाँच है या इनाम?"

झालं असं होतं की लॅबची बारा नंबरची तपासणी थायरॉइड, आणि कँटीनचा बारा नंबरचा पदार्थ उपमा. दोघंही कॅशमध्ये आपली माहिती फक्त 'बारा' या नावानं ठेवत होते. जो शेवटी ठेवील त्याचीच चलती!

मी रडवेली होऊन सरांना फोन केला. सर रागावले नाहीत, उलट खुशीत आले.

"अवं, आमच्या क्वार्टरच्या लायनीत तीन प्रकाश होते. आम्ही काय म्हणत होतो? रेल्वेवाला प्रकाश, मिलवाला प्रकाश, अन् कॅरमवाला प्रकाश! तसंच कर. कँटीनचा बारा, लॅबचा बारा. नावाआधी घर लाव, बस."

अर्ध्या तासात दुरुस्ती झाली. अम्मांनी हेडमास्तरांना, रक्त देऊन झाल्यावर, खरोखरचा उपमा पाठवला. मलाही दिला. "खा ले, रोने के लिए भी ताकत लगता है."

बाबा हा किस्सा सांगतात तेव्हा हॉस्पिटलवाले पेशंटला उपम्याचं इंजेक्शन देतात!

*

दिनेश्वरीचा बसचा किस्सा लहान आहे, पण तो सांगितल्याशिवाय ती मला सोडणार नाही.

कुम्हारीहून येताना भरल्या बसमध्ये सरांचा फोन आला. नवीन बदल टाकण्याआधी हॉस्पिटलची कॅश रिकामी करायची होती, ती झाली का म्हणून. बसचा आवाज मोठा, म्हणून हिनंही आवाज चढवला.

"हाँ सर, अस्पताल का पूरा कैश साफ कर दी हूँ! सुबह-सुबह! किसी को पता भी नहीं चला!"

शेजारच्या बाईनं पर्स या काखेतून त्या काखेत घेतली. समोरचे एक गृहस्थ मिळालेली जागा सोडून उठून उभे राहिले.

कंडक्टर जवळ आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मैडम, थाना वाले स्टॉप पे उतार दूँ क्या?"

*

एकदा सोमवारी सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, कॅशचं मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं. सुरू झालं ते पूर्ण रिकामं. त्याबरोबर चारही सर्व्हिसेस एकाच क्षणी डेटाबेसवर तुटून पडल्या, आणि डेटाबेसनं मान टाकली. सगळे स्क्रीन गोल गोल फिरत राहिले. सर आणि मी स्कूटरवरून पोहोचलो तेव्हा मला वाटलं, आता लोक आपल्याला मारणार.

पण रांग पुढे सरकत होती! ओपीडीच्या मोठ्या सिस्टरनी कपाट उघडून जुनी रजिस्टरं बाहेर काढली होती. आम्ही काम घेतलं तेव्हा त्यांना सांगितलं होतं की ही रजिस्टरं आता रद्दीत द्या. त्यांनी मान हलवली होती, आणि एक एक रजिस्टर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं होतं.

वीस मिनिटांत आम्ही सगळं पूर्ववत केलं. मी धापा टाकत त्यांच्याकडे गेले. "सिस्टर, चालू हो गया!"

सिस्टरनी मान वर न करता पुढच्या पेशंटचं नाव लिहिलं.

"बहुत अच्छा, बेटा. अभी लंच तक बंद ही रहने दो. काम जल्दी हो रहा है."

*

आता जे सांगते ते हसण्यासारखं नाही. पण ते गाळून बाकीचं सांगणं मला बरोबर वाटत नाही.

कॅशमधली प्रत्येक गोष्ट किती वेळ धरायची हे ठरवावं लागतं. तेवढा वेळ संपला की ती पुसली जाते आणि नवी माहिती येते. ते आकडे मी भरत होते. डॉक्टरांची यादी, पंधरा मिनिटं. कँटीनचा मेनू, पंधरा मिनिटं. मग हॉस्पिटलनं रक्तपेढीही आमच्या सॉफ्टवेअरला जोडली. रक्ताचा साठा. मी वरची ओळ कॉपी केली आणि खाली चिकटवली. पंधरा मिनिटं.

रक्तपेढीत ललिताताई होत्या. नागपूरकडच्या रेल्वेवाल्या कुटुंबातल्या, माझ्याशी घरच्यासारखं बोलायच्या. एका दुपारी ओ निगेटिव्हच्या शेवटच्या दोन पिशव्या अपघाताच्या पेशंटसाठी ऑपरेशन थिएटरला गेल्या. ताईंनी तशी नोंदही केली. पण बाळंतपणाच्या वॉर्डातल्या स्क्रीनवर माझी पंधरा मिनिटं अजून संपली नव्हती. तिथं 'दोन' दिसत होतं.

त्याच वेळात एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. नर्सनं स्क्रीन पाहिला, डॉक्टरला सांगितलं, "दो बैग है," आणि चिठ्ठी घेऊन खाली धावली.

मी त्या दिवशी लॅबमध्ये शिकवायला गेले होते. रक्तपेढी शेजारीच. मला नर्सचा आवाज ऐकू आला.

"खाली? खाली कैसे? स्क्रीन पे तो दो दिखा रहा है!"

कुणी काही सांगायच्या आधी मला कळलं होतं की ही चूक कोणाची. मी दारात जाऊन उभी राहिले.

ललिताताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मित्रा, दारातून बाजूले हो. माणूस येऊन राहिला."

आणि खरंच, माझ्या मागून एक माणूस बर्फाची पेटी घेऊन पळत आत आला. जवळच्याच दुसऱ्या रक्तपेढीतून. पेटीत ओ निगेटिव्हच्या तीन पिशव्या होत्या.

पुढचं सगळं फार भराभर झालं. बाई वाचली. मुलगी झाली होती, तीही धडधाकट.

संध्याकाळी मी ताईंना विचारलं, "तुमाले कसं समजलं का वरती लागन म्हणून?"

"मले कायचं समजते? शेवटची पिशवी हातातून गेली, का मी पयले फोन उचलते, दुसरीकडून मागवून घेते. मंग कीबोर्डले हात लावते."

"आधी फोन कावून?"

"कीबोर्ड कोणाले रक्त देत नाही, बाई."

मी सरांना सांगितलं की मी काम सोडते. त्यांनी हॉस्पिटलला पत्र लिहिलं: चूक आमची आहे, दुरुस्ती आजच करतो. खाली फक्त स्वतःची सही. माझं नाव कुठेच नाही. मग मला म्हणाले, "उद्यापासून आठ दिवस ललिताबाईच्या बाजूले बस. लॅपटॉप नको नेऊ. फक्त पाह्य."

आठ दिवस मी स्टुलावर बसून पाहिलं. कोण धावत येतं, कोण रडत येतं, कोण चिठ्ठी हातात धरून दोन शब्दही बोलू शकत नाही. नवव्या दिवशी परत आले आणि रक्ताचा साठा कॅशमधून कायमचा काढून टाकला. आता तो स्क्रीन दर वेळी मूळ नोंदीलाच विचारतो. थोडा हळू चालतो. "चालू दे हळू," सर म्हणाले.

त्या जागी मी कोडमध्ये एक ओळ लिहून ठेवली: 'हे इथे साठवू नये. का, ते ललिताताईंना विचारा.'

परवा दुसऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरनं आमचा कोड तपासला. इंजिनिअर लोक आयत्या मिळणाऱ्या कोडला लायब्ररी म्हणतात, तर त्याचा गंभीर ईमेल आला: "ललिताताई ही लायब्ररी इंटरनेटवर सापडत नाही. कुठून डाउनलोड करायची?"

*

आणि आता शेवटचा.

सगळं एका कॅशवर आलं, एक गोष्ट सोडून. अम्मांच्या कँटीनची एक जुनी यादी होती. कोणत्या खाटेवरच्या पेशंटला काय जेवण द्यायचं, ती. तिचा स्वतःचा जुना साठा होता, तो नव्या कॅशशी काही बोलत नव्हता. कुणाचं नाव-गाव बदललं तरी तिथं पहिलंच राहायचं. एका गुरुवारी आम्ही तिघं तो साठा पुसून टाकायलाच हॉस्पिटलला गेलो होतो. सर कँटीनच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसले, कमांड लिहिली, आता फक्त एंटर दाबायचं बाकी.

तेवढ्यात गेटवरचा गार्ड आला. "मैडम, आप मराठी हो ना? एक माताजी सुबह से बैठी हैं. किसी को कुछ समझ नहीं आ रहा."

गेटजवळच्या कट्ट्यावर एक म्हातारी बाई. मांडीवर स्टीलचा डबा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मी शेजारी बसले.

"माय, कुठून आल्या?"

मराठी ऐकल्याबरोबर तिनं माझं मनगट पकडलं. "तुमसरून आली व. दुर्गले उतरली अन् पिशवी गाडीतच राह्यली. फोन, जावायाचा नंबर, सारं त्याच्यातच. हातात डबा होता तेवढा राह्यला. पोरीचं आपरेशन हाय मोठ्या दवाखान्यात. एका ऑटोवाल्यानं इथं आणून सोडलं."

"पोरीचं नाव काय?"

"सरिता. सरिता भाऊराव डोंगरे."

नोंदणीच्या खिडकीनं हे नाव सकाळपासून तीनदा शोधलं होतं. अशी पेशंट नाही, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पाहा, असं सांगितलं होतं.

"माय, हे तं माहेरचं नाव. सासरचं काय?"

"तिथं त्यायनं नावच बदलवलं. सासरकडचे काही दुसरंच म्हणते. मी सरिताच म्हणते."

"अन् आडनाव?"

ती बोलायला गेली आणि थांबली. पुन्हा ओठ हलले. डोळ्यांत भीती उतरलेली मला दिसली. "गाडीत येत होतं व मले... आता येत नाही. आता कावून येत नाही?"

मी तिला हाताला धरून कँटीनमध्ये आणलं. अम्मांनी काही न विचारता चहा ठेवला. दिनेश्वरीनं कॅशमध्ये शोधलं. नाही. डेटाबेसमध्ये शोधलं. डोंगरे आडनावाचे दोन पेशंट, दोन्ही पुरुष.

"दूसरे अस्पतालों में फोन करना पड़ेगा," सर हळू आवाजात म्हणाले. "रुको, पहले ये निपटा दूँ." आणि त्यांचं बोट एंटरकडे गेलं.

दिनेश्वरी ओरडली, "सर, मत दबाइए!"

तिनं सरांचा हात धरून बाजूला केला. खरंच धरला! खुर्ची ओढली, अम्मांची जुनी यादी उघडली आणि नाव टाकलं.

सरिता डोंगरे. सर्जरी वॉर्ड, खाट एकवीस. मूंग दाल खिचड़ी, बिना मिर्च.

भरती करताना कुणीतरी माहेरच्या नावाचं जुनं कार्ड दिलं होतं. दुसऱ्या दिवशी नवरा नवीन कार्ड घेऊन आला, नाव बदललं, आणि चारही खिडक्यांना, टोकनच्या बोर्डाला, सगळ्यांना नवं नाव गेलं. फक्त अम्मांची खिचडी दोन दिवस जुन्याच नावानं जात होती.

मी म्हातारीला घेऊन जिना चढले. एकविसाव्या खाटेवर एक बाई डोळे मिटून पडली होती, हाताला सलाईन. आईची चाहूल लागली तसे तिनं डोळे उघडले.

"आई? एकटीच आली तू? मी इथं हावो म्हणून तुले कोणं सांगतलं?"

म्हातारीनं डबा टेबलावर ठेवला. लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि माझ्याकडे बोट केलं.

"या पोरीच्या मशिनीत तुहं माहेरचं नाव होतं."